लाभार्थीची वाचा समाधानकारक

हक्काने मिळणारी वस्तू पैसे टाकून विकत घेणं, ही गोष्ट शिक्केकाकांनी आयुष्यात कधी केली नव्हती. त्यामुळे काकूंचं बोलणं गेलं तेव्हा ते परत आणण्याचं कामही आपण रीतसर, सरकारी आरोग्य विम्यातूनच करणार, असं त्यांनी हॉस्पिटलच्या जिन्यातच जाहीर करून टाकलं. ऐकायला तिथे फक्त फरशी पुसणारी एक बाई होती. ती "बरं" म्हणाली आणि तिने त्यांना ओल्या पायऱ्यांवरून जपून उतरायला सांगितलं.

शिक्केकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडायचं, वजनं तपासायची, खरी निघाली तर त्यांवर शिक्का ठोकायचा, खोटी निघाली तर जप्त करायची, यात त्यांची नोकरी गेली. इमारतीतल्या लोकांनी मग त्यांना तेच नाव चिकटवून दिलं. निवृत्तीनंतरही किराणा घेताना ते गुडघ्यात वाकून काट्याच्या पातळीला डोळे आणत आणि मागच्या रांगेचा खोळंबा करत. ज्याच्यावर सरकारी शिक्का आहे ते खरं, आणि ज्याच्यावर नाही ते अजून खरं व्हायचं आहे, अशी त्यांनी जगाची सरळ वाटणी करून टाकली होती. पगारातून वर्षानुवर्षं विम्याचा हप्ता कापला जाई, तेव्हा सहकारी बोटं मोडत. काका मात्र पगाराच्या कागदावरचा तो आकडा समाधानाने बघत.

काकूंचं झालं ते असं. सकाळी चहात साखर ढवळताना त्यांच्या हातून चमचा पडला, आणि तो उचलायला वाकलेल्या काकू पुन्हा सरळ झाल्याच नाहीत. हॉस्पिटलात पाय परत आला, हातही बराचसा आला. बोलणं आलं नाही. "त्यांना सगळं कळतं," डॉक्टर म्हणाले, "फक्त शब्द सापडत नाहीत. स्पीच थेरपी लगेच सुरू करा. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. नंतर मग जे राहिलं ते राहिलं." काकांनी ते वाक्य नीट ऐकलं. त्यानंतरचं औषधांबद्दलचं त्यांना काहीच ऐकू आलं नाही, ते परत येऊन विचारावं लागलं.

शब्द सापडत नाहीत म्हणजे अगदीच नाहीत असं नव्हे. दोन उरले होते. "हो ना." काकूंना पाणी हवं असेल तरी "हो ना", नको असेल तरी "हो ना". आता गंमत बघा, याच काकू इमारतीत "छे, काहीतरीच काय" यासाठी प्रसिद्ध होत्या. सोसायटीच्या सभेत त्यांनी "छे" म्हटलं की अध्यक्ष पुढचा विषय घेत. आणि आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याशी गप्पा मारून कमालीचं बरं वाटू लागलं. तळमजल्यावरचे निवृत्त कॅशियर अर्धा तास आपल्या सुनेबद्दल बोलले, आणि "काकूंना सगळं पटतं हो माझं" म्हणत तरतरीत होऊन गेले. काकांची धाकटी बहीण, जिचं वहिनीशी कधी दोन वाक्यांच्या पुढे जमलं नव्हतं, ती तर डोळे पुसत म्हणाली, "दादा, वहिनी किती छान बोलायला लागलीये रे!"

त्या "हो ना"मध्ये काय काय असे ते एकट्या काकांना कळे. चहा गार झालाय, खिडकी लावा, ही बाई आता उठेल का, मला झोपायचंय. सगळं वेगवेगळ्या सुरांत. एक "हो ना" मात्र कुणी काही न विचारता येई. काकू खिडकीशी बसून बाहेर बघत ते हळूच म्हणत. ते ऐकलं की काकांना त्या खोलीत थांबवत नसे. ते स्वयंपाकघरात जाऊन धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवत.

लेकीचा फोन रोज येई. "बाबा, प्रायव्हेटमध्ये दाखवा ना. मी बघते पैशांचं." जावयाची नोकरी नुकतीच गेलेली होती. ती पैशांचं कुठून बघणार होती ते काका जाणून होते. "अगं, आपल्या हक्काचं आहे हे," ते म्हणाले. "यादीत नावं छापलीयेत. जायचं, कार्ड दाखवायचं, झालं."

यादी खरोखरच छापलेली होती, आणि तिच्यावर शिक्काही होता. 'योजनेअंतर्गत मान्यताप्राप्त वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ.' काकांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि आधी हेल्पलाइनला फोन लावला, कारण रीत म्हणजे रीत. हेल्पलाइनवर बराच वेळ सनई वाजली. मग एक यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया आपली अडचण स्वतःच्या शब्दांत बोलून सांगा."

"स्पीच थेरपी," काका म्हणाले.

"आपण म्हणालात, दातांची कवळी. बरोबर असल्यास 'हो' म्हणा."

काका "नाही" म्हणाले. बाईला ते समजलं नाही. काका ओरडून "नाही" म्हणाले, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून काकू ठासून "हो ना" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या फोनवर कवळीच्या मापासाठी वेळ नक्की झाल्याचा निरोप आला. ती वेळ रद्द करण्यासाठी पुन्हा सनई ऐकावी लागली.

दरम्यान शेजारी स्वस्थ बसले नव्हते. दुसऱ्याच्या आजारपणात सल्ला देण्याइतकं स्वस्त समाजकार्य दुसरं नाही, आणि आमच्या या इमारतीत समाजसेवक खच्चून भरलेले. कॅशियर म्हणाले, जिभेला मध चोळा. तिसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, उलटे आकडे म्हणायला लावा. वरच्या व्यायामशाळेवाल्या तरुणाने तर छातीठोकपणे सांगितलं, "काका, फुगे. गालांचे स्नायू. माझ्या आजोबांना फुग्यांनीच फरक पडला." त्याच्या आजोबांना काय झालं होतं हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. काकांनी फुगे आणले. काकू फुगवायला लागल्या, आणि एका हाताने गाठ मारता येईना म्हणून गाठी काका मारायला लागले. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुरिअरवाला दारातून डोकावला आणि मनापासून म्हणाला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" काकू हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच इतक्या खळखळून हसल्या, आणि हसणं अगदी जुनंच होतं, त्याला काहीही झालेलं नव्हतं. काका मग कितीतरी दिवस ते फुगे फेकू शकले नाहीत. ते आपोआप सुरकुतून कोपऱ्यात गोळा झाले.

आता यादी. यादीतल्या पहिल्या पत्त्यावर चष्म्यांचं दुकान होतं. "थेरपिस्ट होत्या इथे पूर्वी," दुकानदार म्हणाला. "गेल्या त्या. आलाच आहात तर नंबर तपासून देऊ?" काका नको म्हणणार होते, पण दुकानदाराने त्यांना तोवर खुर्चीत बसवून डोळ्यांसमोर ते लोखंडी यंत्र आणलंही होतं. घरी येताना त्यांच्याजवळ नव्या चष्म्याची पावती होती आणि काकूंच्या चेहऱ्यावर जुनं "छे, काहीतरीच काय" स्पष्ट उमटलेलं होतं. फक्त तोंडातून "हो ना" निघालं.

दुसरा पत्ता बरोबर निघाला. थेरपिस्ट होत्या, दारावर योजनेचा बिल्ला होता, सगळं होतं. बसायला मात्र बेडकांच्या आकाराच्या छोट्या खुर्च्या होत्या. काकू एका बेडकावर बसल्या. काका उभे राहिले, कारण माजी निरीक्षकाने बेडकावर बसावं असं त्यांना वाटेना. तेवढ्यात एक चिमुरडी चित्रांचे पत्ते घेऊन काकूंपाशी आली. तीही बोलत नव्हती. ती एकेक पत्ता वर धरी, बदक, छत्री, बूट, आणि काकू प्रत्येकाला गंभीरपणे "हो ना" म्हणत. पोरगी इतकी खूश झाली की सगळे पत्ते तिने पुन्हा पहिल्यापासून दाखवले. मग काउंटरवरच्या मुलीने काकूंचं वय विचारलं आणि ती गोंधळली. "इथे फक्त लहान मुलं, काका. यादीत तसं लिहिलेलं नाहीये का?" यादीत तसं लिहिलेलं नव्हतं. निघताना ती पोरगी काकूंचा पदर सोडेना.

तिसऱ्या ठिकाणी काचेचं दार, गार हवा आणि कुजबुजत बोलणारी रिसेप्शनिस्ट होती. काकांनी विम्याचं कार्ड पुढे करताच ती आणखीच हळू आवाजात म्हणाली, "योजनेचे पेशंट फक्त मंगळवारी."

"मग मंगळवारची वेळ द्या."

"मंगळवारी मॅडम नसतात."

काकांनी तिच्याकडे टक लावून बघितलं. नोकरीत असते तर त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला असता. पण आता त्यांच्या खिशात शिक्का नव्हता, फक्त कार्ड होतं. बाहेर येऊन ते फुटपाथवर उभे राहिले आणि आपण कुणीच नाही आहोत असं त्यांना प्रथमच वाटलं. काकूंनी त्यांची बाही ओढली आणि "हो ना" म्हटलं. म्हणजे, चला, ऊन लागतंय.

असे आणखीही पत्ते झाले. एक फोन कायमचा बंद होता. एकांनी योजना सोडली होती, कारण योजनेने त्यांचे पैसे दिले नव्हते. एक गृहस्थ फक्त कानाची यंत्रं विकत होते आणि काकांनाच एक विकायला बघत होते. लेकीच्या फोनवर काका "चाललंय, चाललंय" एवढंच सांगत. डॉक्टरांनी सांगितलेले मोलाचे महिने निघून चालले होते, आणि ते काका मनात मोजत नव्हते असं थोडंच आहे.

शेवटी सापडली. सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात, चादरी ठेवायच्या खोलीला लागून एक खोली, आणि तिच्यात केस घट्ट बांधलेली एक तरुण थेरपिस्ट. तिने कार्ड बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि "घेते मी," असं साध्या तीन अक्षरांत म्हणाली. काकांना रडूच यायचं बाकी होतं. "फक्त विमा कार्यालयाची पूर्वमंजुरी आणा," ती पुढे म्हणाली. "ते फोन करतील. तेवढं झालं की दुसऱ्या दिवशी सुरू करू."

फोन आला. "लाभार्थीशीच बोलायचं आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "संभाषण रेकॉर्ड होतंय. दुसरा आवाज आला तर पडताळणी रद्द होते."

"अहो, पण त्यांना बोलता..."

"दुसरा आवाज आला तर रद्द होते, सर."

नियम म्हणजे नियम. रद्द होण्याच्या भीतीने काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. काकू म्हणाल्या, "हो ना." मग थांबून, "हो ना." मग जरा वैतागून, "हो ना!" काकांना वाटलं, छान चाललंय, सगळ्यालाच होकार जातोय, याहून सोपी पडताळणी कुठली? फोन ठेवल्यावर त्यांनी काकूंची पाठ थोपटली. थोड्याच वेळात संदेश आला: 'संवाद यशस्वी. लाभार्थीची वाचा समाधानकारक. उपचाराची आवश्यकता नाही. प्रकरण बंद.'

काकांनी तो नव्या चष्म्यातून वाचला. मग जुन्या चष्म्यातून वाचला.

विमा कार्यालयातल्या खिडकीवरचा कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने रेकॉर्डिंग लावूनच दाखवलं. 'आपणच लाभार्थी का?' 'हो ना.' 'आपल्याला मी सांगते ते समजतंय?' 'हो ना.' 'म्हणजे आता बोलायला काही अडचण नाही ना?' 'हो ना!'

"बघा," कारकून म्हणाला. "बोलतायत."

"तिला तेवढे दोनच शब्द येतात हो."

"दोन येतात म्हणजे बोलणंच झालं ना? माझ्याकडे दोनच चौकटी आहेत, काका. 'बोलतात' आणि 'बोलत नाहीत'. 'दोन शब्द बोलतात' अशी चौकट नाही."

आयुष्यभर शिक्केकाकांनी हेच केलं होतं. वजन खरं किंवा खोटं. थोडंसं झिजलेलं वजन घेऊन एखादा दुकानदार गयावया करायचा, तेव्हा त्यांनी कधी तिसरी चौकट काढली नव्हती.

त्यांचा चेहरा बघून कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. "अपील करा. समितीसमोर बाईंना घेऊन या. आणि एक सांगू? तिथे त्यांना अजिबात बोलू देऊ नका. हो नाही, ना नाही, काही नाही. एक शब्द निघाला की संपलं बघा. माझं नाव मात्र घेऊ नका."

इमारतीनेही हेच मत दिलं. कॅशियर तर म्हणाले, "एकदा मंजुरी हातात पडू द्या, मग काकूंनी भाषण केलं तरी चालेल." तेव्हा शिक्केकाकांनी घरात तालीम सुरू केली. टेबलाच्या एका बाजूला ते समिती होऊन बसत, दुसऱ्या बाजूला काकू. "आपलं नाव काय?" समिती विचारी. "हो ना," काकू म्हणत. "अगं नाही! गप्प बसायचं!" सुरुवातीला काकूंना यात मोठी मौज वाटली. त्या मुद्दाम मिश्कीलपणे "हो ना" म्हणत आणि समितीची फजिती बघून हसत. मग काकांनी खूण ठरवली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं की तोंड मिटायचं. पुन्हा प्रश्न, पुन्हा बोट. पुन्हा प्रश्न, पुन्हा बोट. हळूहळू काकूंचं हसणं थांबलं. त्या काकांच्या बोटाकडे बघायला शिकल्या. जिला बोलतं करायचं म्हणून हा माणूस गावभर हिंडला, तिला तो आता पाठ करवून मुकी करत होता, आणि ती शहाण्या मुलीसारखी शिकत होती. काकांच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. पण कामाच्या गडबडीत माणूस काही गोष्टी बाजूला सारून ठेवतो.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. तिघे होते. मधले वयस्क डॉक्टर, एका बाजूला कागद लिहिणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ फोनमध्ये काहीतरी बघत होते. काका काकूंच्या शेजारी खुर्ची थोडी पुढे ओढून बसले, म्हणजे बोट दिसावं.

"आपलं नाव सांगा," कागदवाल्या बाई म्हणाल्या. काकूंनी काकांकडे बघितलं. विचारात पडल्यासारखं बोट ओठांवर टेकलेलं होतं. त्या गप्प राहिल्या.

"आज वार कोणता?" गप्प. "हे काय आहे?" पेन पुढे. गप्प. सगळं कसं ठरल्याबरहुकूम चाललं होतं.

मग मधल्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. ते पुढे वाकले आणि समितीच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला कसं वाटतं? हे असं झाल्यापासून?"

इतक्या महिन्यांत हे काकूंना कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी काकांना विचारलं होतं. काकूंनी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचा गळा हलला, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ एकमेकांवर दाबले गेले आणि हळूच सुटले. "म..." त्या म्हणाल्या. "हो ना" नव्हे. "म... म..." कपाळावर घाम आला. डोळे मोठे झाले. काहीतरी वर येत होतं, नवं, त्यांचं स्वतःचं, कुठून तरी फार खालून.

आणि शिक्केकाकांचं बोट ओठांवर गेलं.

काकूंनी ते बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

"ठीक आहे," डॉक्टर मागे रेलून म्हणाले. "वाचा पूर्ण गेलेली आहे. मंजूर करा." बाईंनी कागदावर शिक्का मारला. तो नेहमीच्या जांभळ्या शाईचा, थोडा तिरका पडलेला शिक्का होता. काकांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि तिघांचे आभार मानले. फोनमधल्या गृहस्थांचेही मानले.

बसस्टॉपवर येईपर्यंत ते खुशीतच होते. "झालं बघ एकदाचं," असं ते काकूंना म्हणाले. काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, "हो ना"सुद्धा नाही. तेव्हा काकांना कळलं. बस आली, थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने विचारलं, आणि गेली. काका हातात मंजुरी धरून तिथेच उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं आणि समोर बसले. "अगं, काय म्हणत होतीस? आता म्हण. आता चालेल. म वरून काय होतं?" काकूंनी ओठ दाबले, सोडले. काही आलं नाही. "मला? मला म्हणायचं होतं? मला भीती वाटते, असं?"

"हो ना," काकू म्हणाल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना शंका आली. "का मुलगी? मुलीची आठवण येते?"

"हो ना."

"मेले असते तर बरं, असं तर नव्हतं ना गं?"

"हो ना," काकू त्याच सुरात म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्या सुरावरून काकांना काही ओळखता आलं नाही. ते म वरून सुरू होणारे शब्द किती वेळ तरी सुचवत राहिले. माणसाला एरवी आठवत नाहीत इतके शब्द म वरून सुरू होतात. काकूंनी प्रत्येकाला होकार दिला.

ठरल्याप्रमाणे थेरपी सुरू झाली. तळघरातल्या त्या तरुण थेरपिस्टने मंजुरीचा कागद फाइलला लावला आणि काकांना विचारलं, "इतक्यात एखादा नवीन शब्द आला का यांना? अर्धामुर्धा असला तरी चालेल. तिथूनच सुरुवात करता येते, म्हणून विचारते."

"एक येत होता," काका म्हणाले. "समितीसमोर."

"अरे वा! मग?"

"मग मंजुरी मिळाली."

थेरपिस्टने त्यांच्याकडे बघितलं. खुर्ची वळवून ती काकूंसमोर बसली. तिने पेला दाखवला. "काकू, हे काय आहे? घाई नाही, सावकाश." काकूंनी पेल्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून काकांकडे बघितलं. काकांनी हसून मान डोलावली, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले, बोटं दिसतील अशी. काकू थांबूनच राहिल्या. थेरपिस्टने किल्ली दाखवली. काकूंनी आधी काकांकडे बघितलं. कंगवा दाखवला. काकांकडे बघितलं. दर वेळी ओठ हलायला लागत, आणि दर वेळी आधी नजर त्यांच्याकडे जाई, परवानगी आहे का बघायला. काकांनी हात खुर्चीखाली घातले. मग मागे बांधले. काही फरक पडला नाही.

"काका," थेरपिस्ट हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

इतके महिने ज्या आवाजासाठी त्यांनी जमिनीला पाठ लागू दिली नव्हती, तो आला तर आपल्या माघारी येणार, हे त्यांना त्या क्षणी नीट समजलं. त्यांनी वाद घातला नाही. उठताना त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "बोल हं. काय वाटेल ते बोल." आणि बाहेर आले. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं.

दाराला वरच्या बाजूला काच होती. ते काचेसमोरून बाजूला सरकले आणि चादरींच्या गाडीपलीकडे, आतून अजिबात दिसणार नाही अशा जागी जाऊन बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. चादरी घेऊन जाणारी बाई त्यांना ओलांडताना थांबली. "आजोबा, इथे कुठे बसलात? तिकडे दारापाशी खुर्ची आहे की. आतलं ऐकूही येईल."

"नको," शिक्केकाका म्हणाले. "तिथे बसलो तर तिला कळेल मी आहे म्हणून."

बाईने खांदे उडवले आणि गाडी ढकलत निघून गेली. आडोसा गेला, तेव्हा काका उठले आणि आणखी थोडे पलीकडे, वळणाच्या मागे जाऊन उभे राहिले.